कोठीची किल्ली

आमच्या गावात लग्न असो, तेरवी असो का मारुतीचा भंडारा असो, भाड्यानं आचारी कुणी आणत नसे. गावातलेच दहाबारा गडी होते. पहाटे येऊन चुलीसाठी चर खांदायचे, डेगी चढवायचे, दुपारी पंगती वाढायचे, भांडी घासून देवळामागच्या खोलीत ठेवायचे आणि आपापल्या घरी जायचे. लोक त्यांना चुलभाऊ म्हणत. मजुरी नाही, टोपी-टावेल नाही, साधा नारळसुद्धा नाही. ज्याच्या घरी कार्य त्याच्या घरचं अन्न ते तोंडात घालत नसत. सगळ्यात शेवटी, लोक पांगल्यावर, घरून फडक्यात बांधून आणलेली भाकर खायचे.

मला त्यांचा पहिल्यापासून संशय होता.

फुकट काम करणारा माणूस मी औंढ्याच्या बाजारात पाहिला नाही, देवळात पाहिला नाही, आणि सोयऱ्याधायऱ्यांत तर नाहीच नाही. शाळा माझी तिसरीला सुटली, पण माणूस कशाच्या मागं आहे एवढं मला त्याच्या चालीवरून कळतं. जो काही मागत नाही त्यानं आधीच काहीतरी घेतलेलं असणार, असं माझं डोकं चालायचं. अजूनही तसंच चालतं.

आणि त्यांची रीतच तशी होती. कार्याच्या सकाळी घरधन्यानं कोठीची किल्ली त्यांच्या हातात द्यायची. कोठी म्हणजे त्या दिवसाचं सगळं सामान ठेवलेली खोली. गहू, तांदूळ, डाळ, तेलाचे डबे, गूळ, बुंदीच्या पराती, सगळं तिथं. किल्ली दिली की चुलीच्या आणि कोठीच्या भोवती कापडाची कनात लागायची, आणि शेवटची पंगत उठेपर्यंत घरधन्याला कनातीच्या आत पाऊल टाकायची मनाई. स्वतःच्या घरात! संध्याकाळी किल्ली परत मिळायची तेव्हा कोठी झाडून लख्ख. काही उरलं असलं तर ते परस्पर गावात वाटून मोकळे. घरधन्यानं विचारायचं, "कसं झालं?" चुलभावांनी सांगायचं, "बराबर झालं." बास. कमी पडलं का उरलं, कुणाला दिलं, कुठून आणलं, काही नाही. बराबर झालं.

आता तुम्हीच सांगा. सकाळी भरलेली खोली द्यायची, संध्याकाळी रिकामी खोली घ्यायची, आणि मधी काय झालं ते विचारायचं नाही. याला काय म्हणावं?

बायकोला हे बोललो की ती म्हणायची, "तुमाला तर नागनाथाच्या पिंडीचाबी संशय यील. सगळं गाव किल्ली देतं. तुमच्याच कोठीत हिरे भरले काय?"

"गाव देतं म्हणून तर," मी म्हणायचो. "गाव झोपलंय."

तेव्हा आमचा जिल्हा परभणीच होता, हिंगोली वेगळी झाली नव्हती. थोरल्या पोरीचं जमलं ते वसमतकडच्या घरात. घर बागायती, पोरगं सरळ. घर बघायला मी गेलो तेव्हा चहा घेऊन त्यांची थोरली सून आली. व्याही हसत मला म्हणाले, "ही आमची पातळ वरणाची." मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. तिच्या लग्नात शेवटच्या पंगतींना वरण पातळ झालं होतं, डाळ कमी पडली म्हणून पाणी घातलेलं. त्या गोष्टीला चार-पाच वर्षं होऊन गेली होती. व्याही हसतच सांगत होते, मनात वाईट काही नव्हतं. पण त्या सुनेनं चहा देऊन जाईपर्यंत मान वर केली नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझी पोरगी त्या घरात जाणार. पन्नास वर्षं तिथं राहणार. तिलाही असंच काही नाव पडलं, ते माझ्यामुळं पडलं, आणि दर पाव्हण्यासमोर ते हसत घेतलं गेलं, तर? आणि तिचं नाव ज्या अन्नावर ठरणार ते अन्न मी त्या कनातीमागच्या लोकांच्या हातात द्यायचं, किल्लीसकट.

आचारी बाहेरून आणावा तर गाव तोंडात शेण घालणार. मग एकच वाट उरली. लग्नाला अजून वर्ष होतं. आपणच चुलभाऊ व्हायचं, आणि कनातीच्या आत काय चालतं ते आपल्या डोळ्यांनी बघायचं.

चुलभावांत एक म्हातारा होता, सगळं गाव त्याला मामा म्हणायचं. सगळं त्याच्या शब्दावर चालायचं. मी गेलो तेव्हा तो देवळामागं बसून चिंच आणि राख लावून डेग घासत होता.

"मामा, मलाबी यायचं तुमच्यात."

"काहून?"

"सेवा."

मामा डेगीत डोकं घालून हसला. हसणं आतून घुमून बाहेर आलं. "तू? सेवा? बस. राख घे."

मी घासायला बसलो. तो घासता घासता एकेक सांगत गेला. मधी मधी राख मागायचा, मधी मधी नुसता घासायचा.

"जेवायचं शेवटी. घरची भाकर."

"माहीत हाय."

"ओगराळं हातात असलं की वर बघायचं न्हाई. पत्रावळ दिसली पायजे, तोंड न्हाई. तोंड दिसलं की हात हलतो. पाटलाला घट्ट वरण पडतं, गड्याला पातळ."

"वर न बघता वाढलं तर सांडल की."

"सांडू दे. सांडलं तर धुता येतं." त्यानं डेग कुशीवर वळवली. मग म्हणाला, "भांडण घरून कनातीत आणायचं न्हाई. कनातीतलं भाईर न्यायचं न्हाई. कोठीवर जो बसल त्याला काही इचारायचं न्हाई, तो काय काढतो, काय झाकतो, कुठं नेतो. आन घरधनी इचारल तवा..."

"बराबर झालं."

"तेवढंच. त्याच्या मागं अक्षर न्हाई, फुडं अक्षर न्हाई."

माझ्यानं राहवलं नाही. "मामा, ही तर चोराच्या टोळीची रीत झाली."

"व्हय," मामा म्हणाला. "बराबर वळखलं. फरक एवढाच, चोर आधी जेवतो."

नुसतं सांगून कुणाला घेत नसत. आधी दांडी उचलावी लागायची. डेगीला दोन बाजूंनी कड्या असतात. त्यांतून सागाची दांडी घालायची, एकानं पुढं खांदा द्यायचा, एकानं मागं, आणि चुलीवरचं उकळतं वरण पंगतीपर्यंत न्यायचं. आणि नव्या गड्याला मामा जोडीदार कोण द्यायचा, तर ज्याच्याशी त्याचं वाकडं असेल तो. गावात कुणाचं कुणाशी वाकडं आहे हे त्याला तलाठ्यापेक्षा जास्त माहीत.

मला त्यानं माझा वावरशेजारी दिला.

या शेजाऱ्याचं सांगायला पाहिजे. माझ्या वावराला लागून त्याचं वावर. एका वर्षी त्याच्या म्हशीनं माझी शिजवून वाळत घातलेली हळद तुडवली. मी ओरडलो तर तो म्हणाला, "म्हशीला काय कळतं." मी म्हणालो, "मालकाला तरी कळतं का?" तिथून बोलणं बंद. बांधावर समोरासमोर आलो तरी एक आभाळाकडं बघायचा, एक जमिनीकडं. बरं चाललं होतं. दोघांनाही कधी अडचण झाली नाही.

मारुतीच्या भंडाऱ्याला मामा म्हणाला, "फुडं तू, मागं तो."

मी म्हणालो, "मामा, त्याला सांगा, दांडी डाव्या खांद्यावर घे म्हणावं."

मागून आवाज आला, "मामा, ह्याला सांगा, माझा खांदा मला माहीत हाय."

"मी लाकडं आणाया चाललो," मामा म्हणाला. "वरण हितंच करपू द्यायचं असल तर करा गप्पा." आणि खरंच निघून गेला.

डेगीत वरण गदगदत होतं. पंगत बसलेली, पत्रावळींवर भात पडलेला, लोक माना वळवून बघायला लागलेले. शेवटी मी मागं न बघता म्हणालो, "उचल."

"उचललं."

पुढचा जोरात चालला तर डेग हेलकावते आणि वरण मागच्याच्या नडगीवर येतं. मागचा एकदम थांबला तर पुढच्याच्या टाचा भाजतात. मला वाटत होतं, हा म्हशीवाला आता मुद्दाम थांबणार. त्यालाही माझ्याबद्दल तेच वाटत असणार. त्याच्या पावलाच्या आवाजाला मी असा कान लावला होता जसा रानात डुकराच्या चाहुलीला लावावा. पाराची पायरी आली. "पायरी," मी म्हणालो. "दिसली," तो म्हणाला. डेग खाली ठेवली तेव्हा एक थेंब सांडला नव्हता.

मामा लाकडं घेऊन परत आला होता. म्हणाला, "भरवशाचे गडी बोलत बोलत चालतात आन सांडतात. तुमी दोघं बरे." मग माझा हात धरून त्यानं डेगीच्या कडीवर ठेवला आणि कनातीतलं बाहेर नेणार नाही असा शब्द द्यायला लावला. कडी तापलेली होती. मी हात काढला नाही. का, तर शेजारी बघत होता.

असा मी चुलभाऊ झालो, आणि पहारा सुरू केला.

त्या हिवाळ्यातली आणि उन्हाळ्यातली सगळी कार्यं मी केली. शिरड शहापुराच्या रस्त्याला लागून असलेल्या वस्तीवरची, तांड्यावरची, गावातली. वरण हलवलं, दांडी वाहिली, मान खाली घालून वाढलं. आणि प्रत्येक गड्याच्या हाताकडं, कमरेकडं, धोतराच्या ओच्याकडं बघितलं. चोरी करताना कुणी सापडला नाही. त्यानं माझा संशय वाढला. बघणारा आत आला आहे हे कळल्यावर कोण चोरी करील?

एकच गोष्ट हाती लागली. पंगती निम्म्यावर आल्या की कोठीवर बसलेला गडी डोक्यावर टोपलं घेऊन कनातीच्या मागच्या अंगानं बाहेर पडायचा. टोपल्यावर पांढरं फडकं. गावात जाऊन थोड्या वेळानं तसाच परत, टोपलं तसंच झाकलेलं. आमच्यात तांड्यावरचा एक गडी होता. पूर्वी त्याच्या घरचे लोक बैलांच्या पाठीवर गोण्या लादून दूरदूर माल न्यायचे, आता शेती करतात. तो माझ्याशी त्यातल्या त्यात मोकळा होता. त्याला विचारलं.

"टोपल्यात काय असतं?"

"कोठीवरल्याला माहीत."

"जाताना भरलेलं असतं का येताना?"

"आमच्या आज्याच्या टायमाला गोणी ज्यानं बांधली त्यानंच सोडायची, दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई," तो म्हणाला. "भाऊ, तू वरण हलव. खाली लागून राहिलं."

मी माझ्यापुरता विचार केला. टोपलं निघायची कारणं तीन. सामान कमी पडलं म्हणून चुलभाऊ आपल्या घरून डाळ-पीठ आणत असतील. उरणार असं दिसलं म्हणून वाटायला नेत असतील. नाहीतर आपल्या घरी पोचवत असतील. माझं मत तिसऱ्या कारणाला होतं.

पोरीच्या लग्नाच्या सकाळी मामा दारात उभा राहिला. मी म्हणालो, "मामा, मी तर चुलभाऊच. मी आतच राहतो."

"आज तू घरधनी. आज तू भाईर."

"मग कोठीवर माझा साळा बसल."

"न्हाई." मामानं हनुवटीनं दाखवलं. "कोठीवर तो."

तो म्हणजे म्हशीवाला.

गावात एवढे गडी, तांड्यावरचे वेगळे, आणि माझ्या पोरीच्या लग्नाची कोठी याच्याकडं? "सगळे सोडून हाच?"

"हाच."

आतून बायको आली. हळदीचा हात तसाच. "अवो, द्या की किल्ली. पाव्हणे पोचतील आता. काय दारात उभं राहून भांडून राहिले?"

मी किल्ली मामाच्या हातावर टाकली. मामानं ती त्याला दिली. त्यानं ती माझ्यासमोर आपल्या करदोड्याला बांधली. माझ्या घराची किल्ली, त्याच्या कमरेला.

व्याह्यांनी एक टेंपो येईल असं कळवलं होतं. आले दोन, आणि मागून जीप. माणसं उतरतच होती. मी हसत हसत सगळ्यांना या या करत होतो आणि मनात डोकी मोजत होतो. माझं सामान एका टेंपोचं.

पहिली पंगत उठली. दुसरी बसली. मी मांडवाच्या खांबाला टेकून कनातीकडं बघत होतो, आणि कनातीच्या मागून तो निघाला. डोक्यावर टोपलं, वर पांढरं फडकं.

खरं सांगतो, त्या घडीला चोरी असती तर मला परवडली असती. चोर धरता येतो, त्याला चार शिव्या देता येतात. पण कमी पडलं असेल तर माझ्या पोरीला नाव पडलं. मी तसाच निघालो. फडकं उचलायचं आणि बघायचं.

कनातीच्या कोपऱ्यावर मामा ओगराळं घेऊन उभा.

"कुठं?"

"त्या टोपल्यात काय हाय ते बघायचं."

"बघ की," मामा हळूच म्हणाला. "सगळा मांडव इकडं बघून राहिला. उचल फडकं. माल निघाला तर व्याही म्हणतील ह्यांच्या गावात चोर हायेत. रिकामं निघालं तर म्हणतील आणायला चालले, ह्यांच्या घरी कमी पडलं. कोणतं पायजे तुला?"

तेवढ्यात मागून व्याह्यांची हाक आली, "अहो व्याही! कुठं दडले? या, बसा आमच्याजवळ!"

शेजारी टोपलं घेऊन गल्लीत वळला. मी परत फिरलो.

तिसऱ्या पंगतीला व्याही बसले, त्यांच्या शेजारी मी उभा. तांड्यावरचा गडी मान खाली घालून वाढत आला. व्याह्यांनी भातावर घ्यायच्या आधी वरणात बोट बुडवलं आणि बोट उभं धरून बघितलं. त्यांनी बोट चाटलं आणि कालवून खायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "आणखी वाढा." तेव्हाच टोपलं मागच्या अंगानं परत आलं. मानेवरून वजन ओळखता येतं म्हणून मी शेजाऱ्याच्या मानेकडं बघितलं. मान त्याच्या म्हशीसारखीच, काही सांगेना.

वरण शेवटपर्यंत घट्ट होतं. बुंदी सगळ्यांना मिळाली. जीपवाल्यालासुद्धा.

पोरगी गेली. मांडव ओस पडला. चुलभावांनी चराच्या कडेला बसून आपल्या भाकरी सोडल्या. शेजाऱ्यानं कमरेची किल्ली सोडून माझ्या हातावर ठेवली. मी कोठी उघडून बघितली. झाडलेली, रिकामी.

"कसं झालं?" मी विचारलं. त्याला, तोंडानं.

"बराबर झालं."

"बराबर म्हंजी?"

"बराबर म्हंजी बराबर," तो म्हणाला आणि भाकरीकडं वळला.

पोरगी दिवाळीला आली. ओवाळायच्या आधी मी तिला विचारलं, "वरणाचं कुणी काही बोललं का तिकडं?"

"न्हाई बाबा. आल्या आल्या हे इचारता? मी कशी हाय ते तरी इचारा."

नाव पडलं नव्हतं. कुणालाही आनंद झाला असता. मलाही झाला, पण अर्धाच. कारण आता दुसरंच मागं लागलं. दोन टेंपो आणि जीप एका टेंपोच्या सामानात जेवली कशी? कमी पडलं असेल आणि त्यानं आपल्या घरची डाळ आणून घातली असेल, तर माझ्या व्याह्यानं बोट बुडवलं ते त्याच्या वरणात. माझ्या पोरीची मान त्या घरात वर राहिली ती म्हशीवाल्याच्या डाळीवर. आणि हे त्याला माहीत, मला नाही. नाहीतर मग माझंच सामान मी समजत होतो त्याहून जास्त होतं, आणि त्यानं टोपलंभर आपल्या घरी नेलं. बांधावर दिसला की मी त्याच्या चेहऱ्याकडं बघायचो. मनात हसतोय का? हसत असेल तर कशाला, उपकार करून का चोरी करून? चुलभावांचं काम मी सोडलं नाही. मामानं दांडीला आम्हालाच जोडलं होतं. "उचल." "उचललं." "पायरी." "दिसली." याच्या पलीकडं आम्ही बोलत नव्हतो. मी मामालाही आडून आडून विचारलं. मामा म्हणाला, "मी वरणावर होतो."

अशी वर्षं गेली. हिंगोली जिल्हा झाला. सिद्धेश्वरच्या कालव्याला पाण्याच्या कितीतरी पाळ्या आल्या-गेल्या. मामाची नजर गेली, तरी कार्य असलं की खाट टाकून कनातीत पडून राहायचा आणि वासावरून सांगायचा, मीठ कमी हाय.

मग शेजाऱ्याच्या पोराचं लग्न निघालं.

त्या सकाळी तो किल्ली घेऊन आला. कोठीवर त्याचा मावसभाऊ बसवा म्हणाला. खाटेवरून मामा म्हणाला, "कोठीवर तो," आणि अंधाऱ्या डोळ्यांनीसुद्धा बरोबर माझ्याकडं बोट केलं. शेजाऱ्याचा चेहरा बघून मला जे समाधान झालं ते मी लपवत नाही. मी किल्ली करदोड्याला बांधली. सावकाश बांधली.

आत गेल्यावर मामाला विचारलं, "मीच काहून?"

"ज्याच्यावर घरधन्याचा जीव, त्याला बसवलं तर तो सांजच्याला जाऊन सांगतो. माया असती ना. म्हणतो, घोर करू नको, थोडंसंच कमी पडलं होतं, आमी भागवून नेलं. झालं. घरधनी जलमभर मान खाली घालतो. ज्याचं तोंडच बघत न्हाई तो कशाला सांगाया जाईल?"

"आन टोपलं?"

"टोपलं दर कार्याला निघतं. कमी पडो, उरो, न्हाईतर काहीच न होवो, चक्कर झालीच पायजे. एका घरचं निघालं आन एका घरचं न्हाई, तर गाव वळखल. तुला नसल काही न्यायचं तर रिकामं ने. पण झाकून ने."

मी पोत्यावर बसलो. एवढी वर्षं मी त्या टोपल्याच्या मागं होतो. चढतं का उतरतं, वजन किती, मान कशी. आणि टोपलं काही सांगतच नव्हतं. तीन कारणांत मी चौथं धरलंच नव्हतं. म्हणजे मला पुन्हा पहिल्यापासून काहीच माहीत नव्हतं.

दुसरी पंगत उठल्यावर मी टोपलं डोक्यावर घेतलं आणि कनातीच्या मागून निघालो. शेजारी मांडवात आपल्या व्याह्यांजवळ उभा होता. त्याची नजर फडक्यावर आली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो एक पाऊल माझ्याकडं आला, थांबला, परत फिरला. तो काय विचार करत होता ते मला अक्षर न् अक्षर माहीत होतं.

टोपल्यात काय होतं, होतं का नव्हतं, ते मी लिहिणार नाही. मामा गेला, चुलभाऊ मोडले, रीत सांगायला आता कुणाची हरकत नाही. पण कुणाच्या घरचं सांगणार नाही. कडीला हात लावला होता.

संध्याकाळी मी त्याची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"कसं झालं?"

"बराबर झालं."

तो हलेना. मी चरातल्या निखाऱ्यावर माती लोटत होतो. तो खोरं घेऊन शेजारी आला आणि माती लोटायला लागला. मग इकडं तिकडं बघून म्हणाला, "एक काम करू. तू माझं सांग. मी तुझं सांगतो."

ज्याच्यासाठी इतकी वर्षं काढली ते आपण होऊन समोर आलं होतं. जिभेच्या शेंड्यावर आलं होतं. दोन शब्द बोललो असतो तर माझा काटा निघाला असता.

पण मी त्याच्याकडं बघितलं. हा म्हणाला असता, तुझं कमी पडलं होतं, तर मला वाटलं असतं, मला खाली बघायला लावायला म्हणतो. म्हणाला असता, उरलं होतं, तर वाटलं असतं, माझ्याकडून काढून घ्यायला गोड बोलतो. खरं बोलला असता तरी माझा भरवसा बसला नसता. मग त्याच्या बदल्यात मी खरं का द्यावं? आणि तिकडं खाटेवर मामा डोळे मिटून पडला होता. तो झोपलाय असं मला कधीच वाटलं नाही. कुणास ठाऊक, त्यानंच याला पाठवलं असेल, कडीचा शब्द अजून तापलेला आहे का बघायला.

"बराबर झालं," मी म्हणालो.

त्यानं उरलेली माती लोटली. मग खोरं आपटून म्हणाला, "तुझंबी बराबर झालं होतं."

मामानं खाटेवरून हाक दिली, "डेग देवळात न्यायची राहिली."

"उचल," मी म्हणालो.

"उचललं."

लोक म्हणतात, चुलभावांत माणसाला सबुरी शिकवत, मोठं मन शिकवत. असेल. माझं मन काही मोठं झालं नाही. पण माझ्या तोंडून कुणाच्या घरचं एक दाणाभरसुद्धा बाहेर गेलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. दुसऱ्या कुणाचं मी सांगू शकत नाही.

पुढं सगळं बदललं. हिंगोलीहून केटरर्स यायला लागले. टेबलं, स्टीलची झाकणं, खालून पेटवलेले दिवे, हातात ताट घेऊन फिरत जेवायचं. कनात नाही. मध्यंतरी गावात असंच एक लग्न झालं. मी आणि शेजारी दोघंही गेलो होतो. सवयीनं दोघंही कडेला उभे राहिलो, सगळे जेवून होईपर्यंत कुणी ताट घेतलं नाही. आणि शेवटी गेलो तेव्हा एकेक झाकण उघडलं तर आत नुसता चमचा. एका भांड्यात खरवडलेला भात, तळाला चिकटलेला. टेबलाजवळ पाव्हणे रिकामी ताटं घेऊन उभे, घरधनी घामाघूम होऊन केटररवाल्याला बोलत होता, आणि सगळा मांडव ते बघत होता. सगळ्यांदेखत. आडोसा म्हणून एक चादरसुद्धा नव्हती.

आम्हाला बघून घरधनी आमच्याकडं आला. तोंड एवढंसं झालेलं. "काका, जेवण कसं झालं?"

शेजाऱ्याच्या हातातल्या ताटात चार शितं होती. तो ताटाकडं न बघता म्हणाला, "बराबर झालं."

मी त्याच्या आवाजाकडं कान लावला होता. इथं कमी पडलं होतं हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणजे कमी पडलेलं असताना तो 'बराबर झालं' कसं म्हणतो ते मला पहिल्यांदा ऐकायला मिळालं. परतताना वाटेनं मी ते माझ्या पोरीच्या लग्नातल्या 'बराबर'शी लावून बघत होतो. तोच आवाज होता. मग वाटलं, त्या दिवशी जरा जास्त दाबून म्हणाला होता. मग वाटलं, नाही, तोच.

वावराशी आलो. त्याची वाट इकडं, माझी तिकडं. तो थांबला, मीही थांबलो. विचारावं असं वाटलं. पण तो काय म्हणेल ते मला माहीत होतं, आणि कसं म्हणेल तेही.